डार्विन, काकाडू, लिचफील्ड : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

डार्विनला मी दोनदा गेले. पहिल्यांदा जानेवारीत, एकटी. दुसऱ्यांदा जुलैत, आई-बाबांना घेऊन. धाकटी बहीण तिथल्या चार्ल्स डार्विन विद्यापीठात शिकत होती म्हणून हे शहर आमच्या घरात शिरलं, नाहीतर ऑस्ट्रेलिया म्हणजे सिडनी आणि मेलबर्न एवढंच आम्हाला ठाऊक. पहिली फेरी जवळजवळ वाया गेली. स्वस्त तिकीट पाहिलं आणि महिना पाहिलाच नाही. दुसऱ्या फेरीत मात्र बाबा परत येताना विमानात म्हणाले, "पुन्हा यायचं." त्या दोन फेऱ्यांतून जे कळलं ते इथे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. त्या प्रदेशात प्रत्येक गोष्ट पाण्यावर ठरते. पाऊस कुठल्या महिन्यात, समुद्राला भरती की ओहोटी, कुठल्या डोहात मगर आहे आणि कुठल्या नाही. हॉटेल, गाडी, फिरण्याचा क्रम हे सगळं त्यानंतर.

१. आधी महिना ठरवा, मग तिकीट काढा

डार्विन नॉर्दर्न टेरिटरीची राजधानी आहे आणि ऑस्ट्रेलियाच्या अगदी उत्तर टोकाला आहे. नकाशात पाहा, सिडनीपेक्षा जकार्ता जवळ आहे. त्यामुळे तिथे आपल्यासारखाच मोसमी पाऊस पडतो, पण उलट्या महिन्यांत. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस, मे ते ऑक्टोबर कोरडं. आपल्याकडे छत्र्या बाहेर येतात तेव्हा तिथे आकाश निरभ्र असतं आणि रात्री २० अंशांच्या आसपास गारवा असतो. दिवसा तापमान बाराही महिने तिशीच्या पुढेच.

जानेवारीत माझं काय झालं ते ऐका. काकाडू या राष्ट्रीय उद्यानात, कातळचित्रांच्या उबिरला जाणाऱ्या रस्त्यावर मगेला नावाचा ओढा भरून वाहत होता, रस्ता बंद. जिम जिम धबधब्याचा कच्चा रस्ता तर पूर्ण पावसाळाभर बंदच असतो. लिचफील्ड या दुसऱ्या उद्यानातल्या वांगी धबधब्याच्या डोहात पोहायला मनाई. मिंडिल बीचचा प्रसिद्ध संध्याकाळचा बाजार एप्रिलअखेर ते ऑक्टोबर एवढाच भरतो, तोही नाही. समुद्रात उतरायची सोय नाही. विजा मात्र अशा पाहिल्या की चिपळूणला बालपण काढलेल्या मलाही तशा कधी दिसल्या नव्हत्या. त्या विजांसाठी मुद्दाम जाणारी माणसं आहेत, पण पहिल्याच भेटीत तुम्ही त्यातले नसाल असं धरून चालते.

माझं मत विचाराल तर जून, जुलै, ऑगस्ट. धबधबे भरलेले हवे असतील आणि गर्दी नको असेल तर मेचा उत्तरार्ध, पण तेव्हा काही कच्चे रस्ते अजून उघडलेले नसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर शक्यतो टाळा. पाऊस येतो येतो म्हणतो आणि येत नाही, घामाने जीव नकोसा होतो. त्या काळाला तिथे 'बिल्ड-अप' म्हणतात. आपल्या मेअखेरच्या आठवड्याची आठवण येईल. त्यातली एक बरी बाजू म्हणजे तेव्हा तिथला आंबा तयार होतो.

काकाडूचे मूळ रहिवासी बिनिंज लोक वर्षाचे दोन नाही, सहा ऋतू मानतात. पावसाचा गुजेवग, शेवटच्या वादळांचा बांगेरेंग, थंडाव्याचा वुर्गेंग असे. आपल्या मृगापासून हस्तापर्यंतच्या नक्षत्रांची नावं माहीत असलेल्या माणसाला ते पटकन समजतं.

जून-जुलैत ऑस्ट्रेलियातल्या शाळांना सुट्टी असते. काकाडूतल्या खोल्या मोजक्याच आहेत, चार-पाच महिने आधी राखून ठेवा.

२. व्हिसा आणि कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी सबक्लास ६०० हा व्हिसा लागतो. अर्ज 'इमी-अकाउंट' उघडून ऑनलाइन करायचा. पासपोर्टवर शिक्का किंवा स्टिकर येत नाही, मंजुरीचं पत्र ईमेलने येतं. ते छापून जवळ ठेवा. आम्ही जोडलेली कागदपत्रं अशी:

- पासपोर्ट, आधीच्या प्रवासांच्या शिक्क्यांच्या पानांसह
- फोटो
- सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्र
- माझ्या ऑफिसचं रजा मंजुरीचं पत्र, बाबांच्या पेन्शनचा पुरावा
- बहिणीचं निमंत्रणपत्र, तिच्या व्हिसाची आणि घराच्या पत्त्याची प्रत
- दिवसवार प्रवासाचा साधा आराखडा

मराठीतला कुठलाही कागद, उदाहरणार्थ जन्मदाखला किंवा सातबारा, इंग्रजी भाषांतरासह जोडा. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांसाठी वैद्यकीय तपासणी मागितली जाते, तेवढे आठवडे हाताशी ठेवा. प्रवासविमा घेताना दुर्गम भागातून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात आहे का, तेवढं मात्र नक्की वाचा. काकाडूत मोठं रुग्णालय नाही.

गाडी चालवणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. फॉर्म ४अ भरायचा, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ परवानाही सोबत हवा.

३. पोहोचणं, आणि विमानतळावरचं पोतडं

भारतातून थेट विमान नाही. मुंबईहून सिंगापूरमार्गे जाणं मला सगळ्यात सुटसुटीत वाटलं. सिंगापूरहून पुढे साधारण साडेचार तास. सिडनी किंवा मेलबर्नमार्गे गेलात तर देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पुन्हा चार-पाच तास उडावं लागतं. डार्विनचं घड्याळ आपल्या चार तास पुढे आहे.

बरीच विमानं मध्यरात्रीनंतर उतरतात. यात एक चूक हमखास होते. विमान १० तारखेला पहाटे दोनला उतरत असेल तर खोली ९ तारखेपासून घ्यावी लागते. आणि हॉटेलचं स्वागतकक्ष रात्री उघडं असतं का, की किल्ली पेटीतून घ्यायची, हे आधी विचारा. आम्ही विचारलं नव्हतं. आई-बाबांना दाराबाहेर बाकावर बसवून मी तासभर फोन लावत होते.

उतरताना एक कार्ड भरायचं असतं. त्यात खाण्याचे पदार्थ आहेत का हा प्रश्न असतो. काहीही असलं तरी 'हो' लिहा. 'हो' लिहून दाखवलेल्या वस्तूबद्दल दंड होत नाही, फार तर ती काढून घेतात. लपवलेली सापडली तर मोठा दंड होतो आणि व्हिसाही जाऊ शकतो. पेढे, बर्फी, गुलाबजाम, खवा असलेलं काहीही नेऊ नका. कढीपत्ता, फळं, बी-बियाणं नको. बहिणीसाठी आईने जीव लावून केलेल्या नारळाच्या वड्या दुधातल्या होत्या, त्या मी घरीच ठेवायला लावल्या. आई दोन दिवस रुसली होती. चकली आणि भाजणी कंपनीच्या बंद पाकिटातली घेतली, दाखवली, पाच मिनिटांत सुटलो.

४. शहर: गुरुवारी पोहोचा

गुरुवार मुद्दाम म्हणते आहे. मिंडिल बीचचा बाजार गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी भरतो. परापचा बाजार शनिवारी सकाळी. गुरुवार ते शनिवार शहरात काढले की दोन्ही मिळतात आणि रविवारी सकाळी बाहेरगावी निघता येतं.

शहर लहान आहे, दीड लाखाच्या आसपास वस्ती. ही लाराकिया या मूळनिवासी लोकांची भूमी. १८३९ मध्ये 'बीगल' जहाजावरच्या अधिकाऱ्यांनी इथल्या बंदराला आपल्या जुन्या सहप्रवाशाचं, चार्ल्स डार्विन यांचं नाव दिलं. ते स्वतः इथे कधी आले नाहीत. आज जे शहर दिसतं ते बरंचसं १९७४ नंतरचं आहे, आणि का ते कळायला बुलॉकी पॉइंटवरच्या संग्रहालयात जावं लागतं. १९७४ च्या नाताळच्या आदल्या रात्री ट्रेसी चक्रीवादळ आलं, ६६ माणसं गेली, बहुतेक घरं कोसळली आणि ३० हजारांहून अधिक लोकांना शहराबाहेर हलवावं लागलं. संग्रहालयात एक अंधारी खोली आहे. तिथे त्या रात्री ध्वनिमुद्रित केलेला वाऱ्याचा आवाज ऐकवतात. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचा पूर आमच्या घरात शिरला होता. आई त्या खोलीत अर्धा मिनिट थांबली आणि माझा हात धरून बाहेर आली. तुमच्यासोबत असं कुणी असेल तर आत जाण्याआधी सांगा.

त्याच संग्रहालयात 'स्वीटहार्ट' नावाची पेंढा भरलेली पाच मीटरहून लांब मगर आहे. ती शहरातच पाहून घ्या, पुढे काकाडूत पाण्याजवळ जाताना ते माप डोळ्यांसमोर राहतं.

१९ फेब्रुवारी १९४२ ला जपानी विमानांनी डार्विनवर बॉम्बहल्ला केला. एकाच दिवसात दोन हल्ले, किमान २३५ मृत्यू. बंदराजवळच्या तेलसाठ्याच्या भुयारांत आणि ईस्ट पॉइंटच्या लष्करी संग्रहालयात तो इतिहास नीट मांडलेला आहे. इतिहासाची आवड असणाऱ्याने त्यासाठी अर्धा दिवस ठेवावा, बाकीच्यांना भुयारं पुरेत.

डार्विनच्या बंदरात भरती-ओहोटीतला फरक आठ मीटरपर्यंत जातो. सकाळी लाटा पाहिलेल्या जागी दुपारी नुसता चिखल आणि खारफुटी. डॉक्टर्स गलीला किनाऱ्यावर मासे खाऊ घेण्यासाठी पायाशी येतात, पण फक्त भरतीला. तेव्हा भरतीचं वेळापत्रक रोज सकाळी पाहा. आपल्या कोळ्यांना हे शिकवावं लागत नाही, आपल्यासारख्या नोकरदारांना लागतं.

फॅनी बे, ईस्ट पॉइंटच्या बाजूला फिरताना जुनी चिंचेची झाडं दिसली तर थांबा. समुद्रकाकड्या (समुद्रतळावरचे प्राणी) वेचायला सुलावेसीच्या मकासारहून येणाऱ्या खलाशांनी या किनाऱ्यावर चिंच आणली, इंग्रज येण्याच्या कितीतरी आधी.

५. गाडी घेताना करारातल्या तीन ओळी

आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं असतं, ती भीती सोडा. भीती करारातल्या बारीक अक्षरांची ठेवा.

पहिली ओळ किलोमीटरची. या भागात बरेचदा दिवसाला १०० किलोमीटरच मोफत असतात, पुढे प्रत्येक किलोमीटरला पैसे. डार्विन ते जबीरू, म्हणजे काकाडूतलं मुक्कामाचं गाव, एका दिशेने २५० किलोमीटर आहे, त्यावरून हिशेब करा. अमर्याद किलोमीटरची गाडी थोडी महाग दिसली तरी तीच घ्या.

दुसरी ओळ रात्रीची. शहराबाहेर सूर्यास्तानंतर गाडी चालवली तर विमा लागू नाही, असं अनेक करारांत असतं. त्याचं कारण खरं आहे. वॉलबी (छोटे कांगारू), रानम्हशी, गुरं अंधारात रस्त्यावर येतात.

तिसरी कच्च्या रस्त्यांची. साध्या गाडीला डांबर सोडायला परवानगी नसते. काळजी करू नका, उबिर, बुरुंगकुय, यलो वॉटर, लिचफील्डचे मुख्य धबधबे, कॅथरिन, सगळीकडे डांबरी रस्ता आहे. जिम जिमसाठी मात्र फोर-व्हील ड्राइव्ह किंवा सहलीची गाडी हवी.

स्टुअर्ट हायवेच्या काही भागांत वेगमर्यादा १३० आहे. म्हणून १३० ने जायलाच हवं असं नाही. 'रोड ट्रेन' म्हणजे एकामागे एक डबे जोडलेले ट्रक, ५० मीटरहून लांब. ओलांडताना समोर किलोमीटरभर रिकामा रस्ता दिसत नसेल तर मागेच राहा. पेट्रोल दिसेल तिथे भरा, अर्धी टाकी उतरली की थांबायचं असा आमचा नियम होता. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघू नका.

शहराबाहेर मोबाइलला रेंज मिळाली तर ती मुख्यतः टेल्स्ट्राची, म्हणून सिमकार्ड तेच घ्या आणि नकाशे आधीच उतरवून ठेवा. आणीबाणीचा क्रमांक ०००.

६. पास दोन वेगळे आहेत

इथे खूप जण फसतात. काकाडू हे केंद्र सरकारचं राष्ट्रीय उद्यान, त्याचा पास वेगळा, सात दिवस चालतो आणि दर ऋतूप्रमाणे बदलतो. लिचफील्ड आणि कॅथरिनजवळचं निटमिलुक ही टेरिटरी सरकारची उद्यानं. बाहेरून येणाऱ्यांना त्यांच्यासाठी २०२३ पासून वेगळा पास लागतो. दोन्ही ऑनलाइन, आणि दोन्ही डार्विनमध्ये रेंज असतानाच काढा. जबीरूच्या पूर्वेला ईस्ट अ‍ॅलिगेटर नदी ओलांडली की आर्नहेम लँड सुरू होतं. तिथे जायला मूळनिवासींच्या नॉर्दर्न लँड कौन्सिलचा परवाना लागतो, नुसतं पाहून येऊ म्हणून काहिल्स क्रॉसिंग हा नदीतला रस्ता ओलांडू नका.

७. आमचा सात दिवसांचा रस्ता

पहिला दिवस: डार्विनहून आर्नहेम हायवेने जबीरू. वाटेत फॉग डॅम. १९५० च्या दशकात इथे मोठ्या प्रमाणावर भातशेती करायचा प्रयत्न झाला, त्यासाठी हा बांध. शेती बुडाली, पाणी राहिलं आणि आता पक्षी राहतात. बांधावर चालायला मनाई आहे, गाडीतूनच जायचं. बाबा खाडीकाठी भात लावत वाढले, त्यांचा पाय तिथून निघेना.

दुसरा दिवस: उबिर. सकाळी चित्रं, संध्याकाळी माथा. कातळावर बारामुंडी मासे असे काढलेत की आतला काटा न् काटा दिसतो. एका भिंतीवर उंचावर पट्टेरी थायलासिन, म्हणजे तास्मानियन वाघ आहे. तो प्राणी या मुख्य भूमीवरून दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नाहीसा झाला, म्हणजे चित्र त्याआधीचं. काकाडूच्या सीमेलगतच्या मजेडबेबे या कातळनिवाऱ्यात तर ६५,००० वर्षांपूर्वीपर्यंतच्या मानवी वस्तीच्या खुणा मिळाल्या आहेत. चित्रांना हात लावू नका, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. काही जागांवर जाऊ नये असे फलक असतात, तिथे जाऊ नका. एखाद्या देवराईत आपण जसे वागतो तसं.

माथ्यावरून नादाब पाणथळीवर मावळणारा सूर्य पाहायला गर्दी होते आणि तो पाहून जबीरूला यायला ४० किलोमीटर अंधारात. करारात रात्रीची अट असेल तर संध्याकाळी सहलीच्या बसने जा. शेवटची चढण खडकाळ आहे, पण सत्तरीचे बाबा सावकाश चढले.

तिसरा दिवस: पहाटे कूइंडाहून यलो वॉटर या पाणथळीतली बोट. खर्च वाचवायचा असेल तर दुसरं काहीही सोडा, ही बोट सोडू नका. दुपारआधी बुरुंगकुयला. तिथे नामारगोन या विजेच्या पुरुषाचं चित्र आहे, अंगाभोवती विजेचा पट्टा, कोपरांवर आणि गुडघ्यांवर दगडी कुऱ्हाडी, ज्यांनी तो गडगडाट करतो. जानेवारीतलं ते आकाश मला तिथे उभं राहून कळलं.

चौथा-पाचवा दिवस: पाइन क्रीकवरून कॅथरिन आणि निटमिलुकची घळई. १९८९ मध्ये ही भूमी जावोयन लोकांना परत मिळाली. बोट सकाळची घ्या. सहावा-सातवा: लेलीन म्हणजे एडिथ फॉल्स, मग बॅचलरमध्ये मुक्काम करून लिचफील्ड. तिथली उत्तर-दक्षिण रोखून उभी असलेली वारुळं, बुली रॉकहोल, फ्लॉरेन्स फॉल्स. लेलीनहून बॅचलरला येताना वाटेत अ‍ॅडलेड रिव्हर गावातली युद्धस्मशानभूमी.

एप्रिल ते जुलै रस्त्याकडेला गवत जळताना दिसेल. घाबरू नका, कोरड्या ऋतूच्या शेवटी मोठे वणवे पेटू नयेत म्हणून मुद्दाम लावलेली ती आग असते. थांबून फोटो मात्र काढू नका.

८. पाण्यात उतरण्याआधी

वाशिष्ठीच्या काठावर मगरी उन्हाला पडलेल्या मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. त्या सवयीमुळेच मला जास्त धोका होता. तिथली खाऱ्या पाण्यातली मगर वेगळीच आहे. ती समुद्रात असते, खाडीत असते आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत गोड्या पाण्यातही असते. नाव खाऱ्या पाण्याचं म्हणून गोड्या नदीत उतरणं ही सगळ्यात धोकादायक समजूत. १९७१ पासून शिकार बंद झाली आणि आज टेरिटरीत त्या सुमारे एक लाख आहेत.

म्हणून: जिथे 'पोहायला परवानगी' असा फलक आहे तिथेच, आणि त्या दिवशी जागा उघडी असेल तरच. फलक नाही म्हणजे मगर नाही असं नव्हे. काठापासून पाच मीटर मागे राहा. एकाच जागी रोज भांडी धुवायला जाऊ नका. बोटीबाहेर हात काढू नका. मुलांचा हात धरून ठेवा.

समुद्रात दुसरा धोका, बॉक्स जेलीफिश. ऑक्टोबर ते मे मुख्य काळ, पण बाकीच्या महिन्यांतही सापडते. दंश प्राणघातक ठरू शकतो. किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात त्या याचसाठी. खारं पाणी हवंच असेल तर वॉटरफ्रंटचं जाळी लावलेलं तळं आहे.

९. खाणं

परापच्या बाजारात लक्सा (नारळाच्या दुधातलं नूडल्सचं मसालेदार सूप) खायला अख्खं शहर येतं. शाकाहारी असाल तर 'व्हेज' एवढ्यावर थांबू नका, मसाल्यात सुकी कोळंबी किंवा फिश सॉस आहे का विचारा. डार्विनमध्ये भारतीय वाणसामान मिळतं. काकाडूला जाण्याआधी पोहे, रवा, डाळ, तांदूळ तिथूनच घ्या आणि स्वयंपाकाची सोय असलेली खोली बघा. दारू विकत घेताना ओळखपत्र स्कॅन करतात, पासपोर्ट लागतो. मूळनिवासींच्या अनेक वस्त्यांत दारू नेणं गुन्हा आहे.

१०. पिशवीत काय हवं

- माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी, गाडीत आणखी दहा
- रुंद काठाची टोपी, सनस्क्रीन, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे
- डास आणि चिलटांसाठी मलम (खारफुटीजवळची चिलटं पौर्णिमा-अमावास्येला जास्त)
- पकड असलेले बंद बूट
- इलेक्ट्रालचे पुडे, नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह
- तिरप्या चपट्या पिनांचा अ‍ॅडॉप्टर
- जुलैत पहाटेच्या बोटीसाठी एक स्वेटर
- दोन्ही पास, व्हिसापत्र आणि गाडीच्या कराराच्या छापील प्रती

आणि रोज सकाळी निघण्यापूर्वी दोन पानं उघडा, टेरिटरी सरकारचा रस्त्यांचा अहवाल आणि उद्यानांच्या उघड्या-बंद जागांची यादी. जुलैत गेलात तरी उघडा. आमच्या वेळी वांगीचा डोह एका रात्रीत बंद केला होता. आम्ही बॅचलरहून निघण्याआधीच ते वाचलं आणि गाडी सरळ बुली रॉकहोलकडे वळवली.